भोंगेवाल्या अँटनचा मुलगा

कॉर्लिसमध्ये एमिल हुडाकला सगळे ओळखतात आणि फार थोडे ओळख देतात. तीस वर्षं हे असंच चाललं आहे. बेकरीत गेला की त्याला पाव मिळतो, उरलेली चिल्लर मिळते, पण काउंटरपलीकडून कुणी थंडीचं बोलत नाही. आमच्या गावात थंडीचं न बोलणं ही साधी गोष्ट नाही. इथे बायकोशी भांडून घराबाहेर पडलेला माणूससुद्धा आधी यंदा बर्फ कधी पडणार ते बोलतो आणि मग बायकोचं सांगतो.

माणूस तसा धिप्पाड. साठीला टेकला तरी दारातून जाताना खांदे तिरके करावे लागतात. उभं आयुष्य त्याने सामान हलवणाऱ्या ट्रकवर काढलं. पोलादाचा कारखाना बंद पडल्यापासून कॉर्लिस सोडून जाणारेच जास्त, तेव्हा निम्म्या गावाची कपाटं आणि पलंग त्यानेच जिन्यावरून उतरवले. गाव सोडताना माणसं हळवी होतात, शेजाऱ्यांच्या गळ्यात पडून रडतात. एमिलला मात्र 'तो आरसा जपून' एवढंच सांगत. तोही 'बरं' म्हणे. आपल्याशी कुणी जास्त बोलावं अशी त्याची अपेक्षाच नव्हती. आपण काय केलं आहे याची कुणी आठवण करून द्यावी, इतका तो विसराळू नव्हता.

त्याने काय केलं ते सांगायचं तर आधी हॅमर्सचं सांगायला हवं.

हॅमर्स हा आमचा फुटबॉलचा संघ. आमचा फुटबॉल पायाने कमी आणि खांद्याने जास्त खेळतात. लांबट चेंडू छातीशी धरायचा, समोरच्यांना चुकवत, पाडत शेवटच्या रेषेपलीकडे जायचं, की झालं टचडाउन. एकोणीसशे एकवीस साली भट्टीवरच्या कामगारांनी हा संघ काढला. शनिवारची रात्रपाळी करून आलेली माणसं रविवारी दुपारी कारखान्यामागच्या राखेच्या पटांगणात एकमेकांची हाडं मोडत आणि सोमवारी पुन्हा कामावर जात. बघणाऱ्यांमध्ये टोपी फिरायची, तिच्यात पडेल तेवढ्यात मलमपट्टी भागायची. बॉयलरवरचा माणूस खिडकीतून सामना बघायचा आणि आपल्यांपैकी कुणी टचडाउन केलं की कारखान्याचा भोंगा ओढायचा. एका रविवारी भोंगा इतक्या वेळा झाला की पाळी सुटली समजून आतली माणसं डबे उचलून घरी गेली, असं जुने लोक सांगत. खरंखोटं देव जाणे.

पुढे संघ लीगमध्ये गेला, पैसेवाले मालक आले, नदीकाठी स्टेडियम उभं राहिलं, खेळाडू बाहेरगावचे यायला लागले. हरण्यात मात्र आमचा हात कुणी धरला नाही. तरी लोक जात राहिले. मुलीच्या लग्नाची तारीखसुद्धा हॅमर्सचे सामने बघून धरायची, ही इथली रीत. एकोणऐंशी साली कारखान्याला टाळं लागलं. युनियनने मालकांकडे खूप काही मागितलं, मिळाला तेवढा भोंगा. तो ट्रकवर घालून त्यांनी स्टेडियमवर आणला आणि दक्षिणेच्या गॅलरीवर, शिडीने चढून जायच्या एका पत्र्याच्या खोलीत बसवला. खोलीची किल्ली दिली अँटन हुडाककडे, कारण कारखान्यात शेवटची कितीतरी वर्षं तो भोंगा अँटननेच ओढला होता.

अँटन म्हणजे एमिलचा बाप. स्टेडियमवर वाफ कुठली? भोंगा आता हवेच्या दाबावर वाजायचा आणि आवाज जरा चोंदलेला यायचा. 'सर्दी झालीय बिचाऱ्याला,' अँटन दर सामन्यानंतर म्हणायचा, पण त्याची साखळी दुसऱ्या कुणाला धरू द्यायचा नाही. पन्नाशीत काम गेलेला माणूस, दिवसभर खिडकीत बसून काय बघणार? पण सामन्याच्या दिवशी अख्खं स्टेडियम त्याच्या हाताची वाट बघायचं. लोक त्याला भोंगेवाला अँटन म्हणायला लागले. गुत्त्यात त्याच्या पहिल्या ग्लासाचे पैसे त्याला कधी द्यावे लागले नाहीत.

एमिल त्याचा एकुलता एक. शाळेत खेळला, कॉलेजात खेळला आणि त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात हॅमर्सच्या निवडीच्या शिबिरात त्याला बोलावणं आलं. शिबिरभर त्याच्या अंगावर हॅमर्सची काळी जर्सी होती, पाठीवर चौऱ्याऐंशी आकडा. शेवटच्या सकाळी एक माणूस खोलीच्या दारात येऊन म्हणाला, 'कोचने बोलावलंय. डावपेचांचं पुस्तक घेऊन ये.' पुस्तक परत मागितलं की घरी जायचं, हे शिबिरात कुणाला सांगावं लागत नाही. एमिल घरी आला आणि ट्रकवर कामाला लागला. अँटन त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, 'आपल्या घरातलं कुणी तेवढंही पुढे गेलं नव्हतं.' बाप मनापासून बोलला होता. पण ते 'तेवढंही' एमिलला पुढची चार वर्षं टोचत राहिलं.

मग सत्त्याऐंशी साल आलं. सप्टेंबरात लीगमधल्या सगळ्या संघांच्या खेळाडूंनी संप पुकारला. मालक म्हणाले, सामने थांबणार नाहीत, मिळतील ती माणसं घेऊन खेळवू. आणि एमिलला फोन आला.

त्याच संध्याकाळी तो बापाकडे जेवायला गेला होता. अँटनचा भट्टीवरचा जोडीदार कार्माइन डिपाओलो तिथेच होता. दोन घरं सोडून राहायचा, पण जेवायला बहुधा इथेच असायचा. टेबलावर कोबीच्या पानात गुंडाळलेलं मटण होतं, आणि बोलणं अर्थात संपाचं.

'युनियनचं ठरलंय,' कार्माइन म्हणाला. 'खेळाडूंबरोबर आपणही दारावर उभं राहायचं. नदीकडचं चार नंबरचं फाटक आपल्याकडे.'

'कशासाठी, कार्माइनकाका?' एमिल म्हणाला. 'त्यांचे पगार बघितलेत का? तुम्ही दोघांनी मिळून जन्मात कमावलं नाही तेवढं त्यांतला एकेक जण वर्षाला उचलतो.'

'संप काय पगार बघून पाळतात?' अँटन म्हणाला. 'एकोणसाठ सालच्या आमच्या संपात झाडूवाला आमच्यासाठी घरी बसला होता. त्याने विचारलं का, भट्टीवाल्याला किती मिळतात म्हणून?'

'आणि मी लग्नाचा सूट विकला,' कार्माइन म्हणाला. 'मग लग्न लागलं ते तुझ्या बापाच्या सुटात. बाह्या इथपर्यंत.' त्याने बोटांची टोकं दाखवली. 'माझी बायको अजून म्हणते, मला वाटलं, धाकट्या भावाशी लग्न लागतंय.'

सगळे हसले, एमिलही हसला. जेवणं झाल्यावर अँटन त्याला दारापर्यंत सोडायला आला. कोट हातात देताना म्हणाला, 'शिबिरातल्या जुन्या मुलांना बोलावतायत, असं ऐकलं. तुला नाही ना आला फोन?'

'नाही,' एमिल म्हणाला.

अँटनचा चेहरा मोकळा झाला. 'बरं झालं,' म्हणाला. 'नको म्हणायलासुद्धा त्रास झाला असता तुला.' एमिलने कोटाची बटणं लावली. बापाने आपल्याला केवढं मोठं समजावं, याची त्याला त्या दारात इतकी लाज वाटली की त्याने निरोपाला मान वर केली नाही.

घरी लोरेन, त्याची बायको, पाचव्या महिन्यात होती. तो तिला म्हणाला, 'बाळ येतंय. ट्रकवर मिळून मिळून काय मिळतं? दोन-तीन सामने खेळलो तर...'

'जायचं तर जा,' लोरेन म्हणाली. 'मी तुला अडवत नाही. पण माझ्या पोटाआड लपू नकोस. भाडं भरलेलं आहे, पाळणा बहिणीकडून येतोय. तुला ती जर्सी हवीय.'

ते खरं होतं. भूक असती तर बापाने समजून घेतलं असतं, एकोणसाठ साली भूक त्याने स्वतः बघितली होती. ही हौस होती. अंगावर पुन्हा एकदा तो आकडा चढावा, गावाने बघावं आणि 'तेवढंही' हा शब्द पुसला जावा, एवढंच त्याला हवं होतं. आणि तेवढ्यासाठी तो गेला.

बदली खेळाडूंची बस खिडक्यांना कागद लावून यायची. मुख्य फाटकाशी ती हळू झाली की बाहेरून अंडी बसत आणि 'संपफोडे, संपफोडे' असा ओरडा होई. पहिल्या सामन्याला बस येईपर्यंत सगळेच संपकरी मुख्य फाटकाशी होते, आणि एका फाटक्या कागदातून एमिलला बाप दिसला. रविवारचा कोट, हातात पाटी. तो ओरडत नव्हता, येणाऱ्या प्रत्येक बसच्या खिडक्यांकडे बघत होता. एमिल खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी बांधलेलीच होती. बस आतल्या बोगद्यात शिरेपर्यंत तो सत्तावीस वर्षांचा दांडगा माणूस दोन बाकांच्या मध्ये वाकून बसला होता. पुढे कधीही बुटाची नाडी बांधताना त्याला ते आठवायचं, आणि नाडी तर रोज बांधावी लागते.

दुसऱ्या सामन्यात चेंडू त्याच्याकडे आला. गॅलऱ्या निम्म्या रिकाम्या होत्या. दोघे जण त्याच्या अंगावर आले, त्याने एकाला खांद्याने उडवलं, दुसऱ्याला कंबरेला लटकवून तसाच ओढत नेला आणि रेषेपलीकडे जाऊन पडला. टचडाउन. लोक ओरडले. एमिल उठला आणि चेंडू हातात धरून उभा राहिला, कारण कॉर्लिसमध्ये जन्मलेला माणूस टचडाउन झालं की भोंग्याची वाट बघतो. लोकही बघत होते. ओरडा हळूहळू खाली आला आणि त्या जागी काहीच आलं नाही. पत्र्याच्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली अँटनच्या खिशात. ते कुलूप फोडायला साहेबांनी स्टेडियमच्या सुताराला सांगितलं होतं. तो म्हणाला होता, 'मला लाकूड कळतं, कुलपातलं कळत नाही.'

ती शांतता भरून काढायची म्हणून असेल, माइकवरचा माणूस जोरात म्हणाला, 'आपल्या कॉर्लिसचाच मुलगा, बरं का. भोंगेवाल्या अँटन हुडाकचा मुलगा, एमिल हुडाक.'

एमिलला आनंद झाला नाही असं नाही. झाला, आणि खूप झाला. तेच तर त्याला पुढे कुणाला सांगता आलं नाही. आणि त्या आनंदाच्या पोटातच बापाचं नाव ऐकून त्याचे कान तापले.

ते दोन सामने हॅमर्सने जिंकले, तिसरा हरले आणि संप मिटला. खरे खेळाडू परतले. त्या हिवाळ्यात, आमच्या इतिहासात पहिल्यांदा आणि आजवर शेवटचं, हॅमर्सने विजेतेपद मिळवलं. ते दोन विजय नसते तर शेवटच्या फेऱ्यांत आमचं नावही आलं नसतं, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. गाव तीन दिवस नाचलं. खेळाडूंना मालकांनी विजेतेपदाची खूण म्हणून अंगठ्या केल्या. बदली खेळाडूंना द्यायच्या का, असा प्रश्न निघाला तेव्हा खेळाडूंनी हात वर करून नाही म्हटलं. एमिलला त्यात काही चूक वाटलं नाही.

संप मिटल्यावर तो बापाकडे गेला. काय बोलायचं ते त्याने ट्रकवर घोकून ठेवलं होतं. अँटनने दार उघडलं, आत घेतलं, सुपाचा वाडगा पुढे ठेवला आणि समोर बसला. घोकलेलं सगळं राहिलं आणि भलतंच बाहेर आलं.

'बाबा, बाळासाठी केलं.'

अँटनने वाडगा आणखी पुढे सरकवला. मग म्हणाला, 'खा. निवतंय.'

तो विषय पुन्हा त्या घरात निघाला नाही. मुलगी झाली, तिला अँटनने मांडीवर घेतलं, खेळवलं, तिच्यासाठी लाकडाची बदकं केली. एमिलशी तो छपराबद्दल बोलायचा, गाडीच्या टायरबद्दल बोलायचा. फुटबॉलबद्दल एक अक्षर नाही. हॅमर्सच्या ऑफिसने भोंग्याच्या खोलीचं कुलूप बदललं आणि अँटनला कळवलं की तुम्ही संपात गैरहजर राहिलात, तुमच्या जागी दुसऱ्याला नेमलं आहे. दुसरा म्हणजे गाड्यांच्या शोरूममधला एक विक्रेता, ज्याने आयुष्यात कारखान्याचं तोंड बघितलं नव्हतं. अँटन भांडायला गेला नाही. स्टेडियममध्ये पुन्हा पाऊलही टाकलं नाही. पण भोंगा गावभर ऐकू येतो, त्यावर काय उपाय? सामन्याच्या दुपारी तो वाजला की अँटन उठून मोरीचा नळ मोठा सोडायचा आणि भांडी घासत बसायचा. घासलेलीच भांडी. एमिलने हे एकदा दारातून बघितलं आणि बेल न वाजवता परत फिरला.

अँटन गेला तेव्हा शवपेटी युनियनच्या माणसांनी उचलली. आमच्याकडे कारखान्याचा माणूस गेला की सोबतीच खांदा देतात, आणि पुढचा उजवा कोपरा मुलाचा. एमिल तिथे जाऊन उभा राहिला. कार्माइनने त्याचा हात बाजूला केला.

'तू मागून चाल.'

'माझे वडील आहेत ते, कार्माइनकाका.'

'म्हणूनच मागून चालू देतोय.'

एमिल मागून चालला. गावाने बघितलं.

इतकं सगळं पदरात घेऊनही माणसाला जगायला काहीतरी लागतंच. एमिलने स्वतःसाठी एकच गोष्ट राखून ठेवली होती. त्या दुसऱ्या सामन्याला बाप आपल्या माणसांबरोबर चार नंबरच्या फाटकावर उभा होता. ते फाटक पार मागे, नदीच्या अंगाला. तिथे वारा असतो. गॅलरीची पाठ तिकडे. माइकचं बोलणं आतल्या लोकांसाठी असतं. तेव्हा बापाला फार तर ओरडा ऐकू आला असेल, शब्द नाहीत. शे-दीडशे संपकऱ्यांच्या मधोमध उभं राहून, संपफोड्याचा बाप म्हणून स्वतःचं नाव त्याला ऐकावं लागलं नसेल. एमिल त्या फाटकाकडे कधी गेला नव्हता. गेला असता तर खात्री करता आली असती, आणि त्याला खात्री नको होती.

यंदाच्या शरद ऋतूत हॅमर्सच्या ऑफिसातून फोन आला. केल्सी नावाची मुलगी होती, संपाच्या वेळी जन्मलीही नसेल. आवाज अगदी गोड.

'हुडाकसाहेब, नव्या मालकांनी ठरवलंय, सत्त्याऐंशीच्या बदली खेळाडूंनाही अंगठी द्यायची. तीस वर्षं झाली ना. मैदानावर बोलावून, नाव पुकारून, आणि प्रत्येक नावाला भोंगा. तुमच्या वडिलांचा भोंग्याशी काही संबंध होता म्हणे? किती छान.'

'हो,' एमिल म्हणाला. 'होता.'

लोरेन आता शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाली आहे. ती म्हणाली, 'जा. अंगठी घे, वाटलं तर पुलावरून नदीत टाक, पण एकदाचं संपव. मला कंटाळा आलाय रे तुझ्या खाली मानेचा.'

त्याच आठवड्यात स्टेडियममधल्या खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनी संप केला. गॅलऱ्यांमधून प्रेटझेल आणि बिअर घेऊन चढउतार करणाऱ्या बायका, पुरुष. लोकांनी सामन्याला येऊ नये, अशी त्यांची विनंती होती. एमिलला हे माहीत होतं. त्याने कोटाला इस्त्री करता करता स्वतःला समजावलं की ते काही खेळाडू नाहीत, आपण काही त्यांच्या जागी विकायला चाललेलो नाही, आपण पाहुणे. अशी समजूत घालायला त्याला पूर्वीइतकाच वेळ लागला, म्हणजे फारसा नाही.

पाहुण्यांनी गाड्या नदीकडे लावून चार नंबरच्या फाटकाने यायचं होतं. एमिल आणि लोरेन पोचले तेव्हा फाटकाशी वीसेक माणसं पाट्या घेऊन उभी होती. पुढे होती डीअँड्रा, पन्नाशीची, आडव्या बांध्याची बाई. नदीपलीकडून येऊन पंधरा-वीस वर्षं तिने या गॅलऱ्यांत प्रेटझेल विकले होते आणि आवाज त्याच कामाला शोभेलसा होता. आणि तिच्या शेजारी घडीच्या खुर्चीत, पायांवर घोंगडी घेऊन, कार्माइन डिपाओलो. नव्वदीला आला तरी गावात कुठे संप असला की त्याची खुर्ची तिथे असते.

एमिलच्या गळ्यातला पाहुण्यांचा बिल्ला डीअँड्राने वाचला नाही, फक्त बघितला. 'बाकीचे पाहुणे गेले आत,' ती म्हणाली. 'जा, जा. आम्ही कुणाला अडवत नाही. नुसतं बघून ठेवतो.'

'त्याला वाट सांगू नकोस, डीअँड्रा,' कार्माइन म्हणाला. 'त्याला माहीत आहे.'

दोघांच्या मधून फाटकापर्यंत चार पावलांची मोकळी जागा होती. एमिलने ती बघितली. स्वतःला समजावलेली सगळी वाक्यं जागच्या जागी होती, एकही चुकीचं वाटत नव्हतं, आणि पाय मात्र उचलत नव्हते.

'एमिल?' लोरेन म्हणाली.

त्याने गळ्यातला बिल्ला काढला, खिशात टाकला आणि भिंतीच्या कडेला जाऊन उभा राहिला. कुणी त्याला पाटी दिली नाही, त्यानेही मागितली नाही. लोरेनने एक सुस्कारा सोडला आणि डीअँड्राला विचारलं, 'कॉफी आहे का ग?' डीअँड्राने थर्मास पुढे केला. कार्माइनने एमिलकडे बघितलंही नाही.

वारा होता, एमिलला वाटायचा तसाच. कॉलर वर करताना त्याची नजर फाटकाच्या कमानीवर गेली. तिथे लाउडस्पीकरचे दोन कर्णे होते, गंजून तांबडे झालेले, आणि त्यांची तोंडं आत नव्हती. बाहेर होती, गाड्या लावायच्या पटांगणाकडे.

'हे नवे बसवलेत का?' त्याने विचारलं.

'नवे?' कार्माइन म्हणाला. 'माझं लग्न झालं तेव्हापासून बघतोय.'

तेवढ्यात कर्णे खरखरले आणि आतल्या माणसाचा आवाज त्यांच्या डोक्यावर येऊन पडला. एकेक नाव पुकारलं जात होतं, आणि प्रत्येक नावानंतर भोंगा. नावामागचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. एमिलने भिंतीला हात टेकला. काय येणार ते त्याला कळलं होतं आणि तिथून हलायला आता वेळ नव्हता.

'आणि आता आपल्या कॉर्लिसचाच मुलगा,' कर्ण्यांमधून आलं. 'भोंगेवाल्या अँटन हुडाकचा मुलगा, एमिल हुडाक.'

भोंगा झाला. चोंदलेला, लांब. तीस वर्षं उशिरा, कुणा परक्याच्या हाताने, त्याच्या टचडाउनचा भोंगा.

तो थांबल्यावर एमिल खुर्चीपाशी गेला. 'कार्माइनकाका, त्या दिवशी... इथे असंच ऐकू आलं होतं?'

'भोंगा नव्हता,' कार्माइन म्हणाला. 'बाकी शब्दन् शब्द.'

'बाबा काय म्हणाले?'

कार्माइनने घोंगडी नीट केली. सांगावं की नाही, असं चाललं असावं. मग म्हणाला, 'खेळाडूंना कुठे माहीत होतं कोण कोणाचा? त्यांच्यातल्या एकाने विचारलं, कोण हा हुडाक? आमच्यापैकी कुणी तोंड उघडलं नाही. अँटनने टोपी काढली. म्हणाला, माझा मुलगा आहे.'

'आणि?'

'आणि काय? टोपी घातली. सामना संपेपर्यंत पाटी घेऊन उभा होता. कुणी त्याच्या शेजारी उभं राहिलं नाही. मीसुद्धा नाही.'

एमिलला काहीतरी बोलायचं होतं. आत लोकांची कुजबुज झाल्यासारखा आवाज आला आणि कर्णे पुन्हा खरखरले. 'एमिल हुडाक? एमिल हुडाक आलेत का?'

'कोण बाई हा हुडाक?' पलीकडच्या पाटीवाल्यांकडून परत येत डीअँड्रा म्हणाली. 'अंगठी द्यायला बोलावतायत तरी येईना.'

कार्माइन एमिलकडे बघत राहिला. मग लोरेनने बघितलं, मग डीअँड्राने, मग पाट्या घेतलेली माणसं एकेक करून वळली. एमिलचा हात डोक्याकडे गेला. डोक्यावर टोपी नव्हती.

'मी,' तो म्हणाला. 'माझंच नाव आहे ते.'

आतून पुढचं नाव आलं आणि भोंगा झाला.